शमीमबाईंची दोन हजार अठ्ठेचाळीस घरं

शमीमबाईंच्या भावाचा, रशीदभाईंचा फोन आला तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये जेवायला बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "दत्ता, आपा गेली रं... असरच्या नमाजानंतर माती आहे, नेरळला." डबा तसाच झाकला आणि निघालो. खालापूरहून कर्जतमार्गे नेरळला पोचेपर्यंत काय विचार केला ते आता आठवत नाही. माती देऊन बाहेर आलो तेव्हा फाटकापाशी भिसेगावचे एक गृहस्थ भेटले, बाईंच्या शेजारचे. ते म्हणाले, "बाई आमच्या मुलांना गणित शिकवायच्या. त्याआधी म्हणे तुमच्या कारखान्यात होत्या. काय काम करायच्या हो?" मी म्हणालो, "प्रोग्रॅम लहान करायच्या." त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे गणपतीतले?" त्या दिवशी मला हसू आलं नाही आणि समजावूनही सांगता आलं नाही. त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. ते अर्धवट राहिलेलं उत्तर मनात सारखं टोचतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

शमीमबाई मूळच्या नेरळच्या. वडिलांची स्टेशनाजवळ लाकडाची वखार. मुलीचं गणित चांगलं आहे हे त्यांना शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. तिला मॅट्रिक करून ते थांबले नाहीत, मुंबईला कॉलेजात पाठवलं. घरात नाराजी होती, वखारीवर येणारे लोकही बोलायचे. वडील ऐकून घ्यायचे आणि बोलणं लाकडाच्या भावावर न्यायचे. पुढे बाई मुंबईच्या एका मोठ्या कचेरीत हिशेबाच्या कार्डांना भोकं पाडायच्या खात्यात लागल्या. काही वर्षांनी त्या कचेरीत संगणक आला. खोलीभर मोठा, पण त्याची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की आज ऐकलं तर पोरं हसतील. त्या यंत्रात काम बसवता बसवता बाई प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. आईनं अंथरूण धरलं तेव्हा मात्र ती नोकरी सोडून त्या परत आल्या, भिसेगावात छोटं घर घेतलं आणि जवळपास काम शोधू लागल्या.

आमचं वर्कशॉप म्हणजे खालापूरजवळची एक पत्र्याची शेड. आधी तिथं भाताचं गोदाम होतं, पावसाळ्यात अजूनही कोपऱ्यातून तुसाचा वास यायचा. देवधरसाहेब तिथं कारखान्यांना लागणारी मोजमापाची यंत्रं बनवायचे. मी लोधिवलीचा, शेतकऱ्याच्या घरातला, नुकताच डिप्लोमा करून त्यांच्याकडे सर्किटं जोडायला लागलो होतो. बाई मुलाखतीला आल्या त्या दिवशी मी शेजारच्याच टेबलावर सर्किटला सोल्डरिंगचा डाग देत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही प्रोग्रॅम लिहिता?" बाई म्हणाल्या, "लिहिते. पण मला खोडायला जास्त आवडतं." साहेबांना वाटलं बाई विनय दाखवतायत. त्यांना नोकरी मिळाली ती यंत्रांसोबतची माहितीपत्रकं टाइप करायची. दोन वर्षं त्यांनी ती बिनचूक टाइप केली. त्या वेळात आमची यंत्रं आतून कशी चालतात हे त्यांनी पत्रकांवरूनच शिकून घेतलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग पार्वतीताईंचं प्रकरण आलं.

पार्वतीताई कर्जतच्या डोंगराकडच्या वाड्यांवर लस टोचायला जाणाऱ्या नर्स. बर्फाची पेटी खांद्याला अडकवून चालत जायच्या, कधी दोन तास, कधी चार. त्या वर्षी एका वाडीत गोवर आला, आणि आला तो लस टोचलेल्या मुलांनाच. एक लहान मुलगी दगावली. वाडीतल्या लोकांनी ताईंच्या तोंडावर दारं लावली. वरून त्यांना कागद आला, की तुम्ही वाटेत बर्फाची काळजी घेतली नाही, लस तापली, खुलासा करा. नोकरी जायचीच वेळ होती. त्या भागातल्या एका तरुण डॉक्टरांचा ताईंवर विश्वास होता. ते त्यांना घेऊनच आमच्या शेडमध्ये आले. त्यांना साबणाच्या डबीएवढं यंत्र हवं होतं. ते लशीच्या बाटल्यांबरोबर पेटीत राहील, तीन महिने सेल न बदलता चालेल आणि लस कधी, किती तापली ते सांगेल. साहेब विचारात पडले. ताई पुढं झाल्या. एकदम म्हणाल्या, "मी पेटीवर ओलं गोणपाट टाकून नेते सायेब. सावलीसावलीनं चालते. माझ्या हातात तापली असंल तर तसं दिसू द्या, मी कबूल करीन. पन कुठं तापली ते कळू तरी द्या." टाइपरायटरचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

यंत्राची जोडणी माझ्याकडे आली. प्रोग्रॅम मुंबईच्या एका इंजिनिअरकडून लिहून घेतला. त्यानं तो वरच्या दर्जाच्या भाषेत, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिला. कंपायलर नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम त्याचं भाषांतर करून प्रोसेसरला कळतील असे आकडे काढतो. ते आकडे आमच्या चिपमध्ये बसायला हवे होते. चिपमध्ये जागा दोन हजार अठ्ठेचाळीस आकड्यांची. बाई त्या जागांना घरं म्हणायच्या. इंजिनिअरचा प्रोग्रॅम भाषांतर होऊन आला तो एकतीसशे घरांचा. त्याचं म्हणणं होतं, मोठी चिप घ्या. मोठी चिप घेऊन पाहिली, तर ती इतकी वीज खायची की सेल नऊ दिवसांत संपले. इंजिनिअरनं हात वर केले. साहेब डॉक्टरांना नाही म्हणून कळवायच्या बेतात होते. तेव्हा बाई त्यांच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "त्या कंपायलरनं काय काढलंय त्याचा कागद मला मिळेल का? सगळा."

तो कागद म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा लांबलचक गठ्ठा. बाईंनी तो टेबलावरून जमिनीवर सोडला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मला तोपर्यंत वाटायचं, की यंत्रानं काढलेलं म्हणजे काटेकोरच असणार. बाईंनी पहिल्याच दुपारी माझा तो समज मोडला. "हे बघ दत्ता, हा कंपायलर आहे ना, तो प्रामाणिक आहे, पण त्याला मागचं आठवत नाही. हेच सात आकडे त्यानं सव्वीस ठिकाणी लिहिलेत. एकदा लिहायचे आणि बाकीच्या जागी तिकडे बोट दाखवायचं." तेवढ्यानंच शंभरावर घरं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना दिसलं, की तपमान काढताना एक साधा भागाकार आहे आणि त्या एका भागाकारासाठी कंपायलरनं अपूर्णांकांचं अख्खं गणित आत आणून बसवलंय. बाईंनी भागाकारच काढून टाकला. उत्तरं आधी हातानं काढली, त्यांचा एक छोटा तक्ता केला आणि तो आत ठेवला. यंत्रानं नुसतं बघून सांगायचं. जिथं एक घर पुरेल तिथं दोन वापरली होती, तिथली अर्धी काढली. रोज जेवणाच्या सुट्टीत शेडच्या फळ्यावर त्या एक आकडा लिहायच्या. अठ्ठावीसशे... सव्वीसशे दहा... चोवीसशे चाळीस. आम्ही सगळे डबा उघडायच्या आधी तो बघायचो.

घरांइतकीच विजेची ओढाताण होती. मी मीटर लावून बसलेलो, आणि काही केलं तरी काटा खाली येईना. बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "हा प्रोसेसर एवढा वेळ जागा राहून करतो काय?" मी म्हटलं, "वेळ मोजतो. अर्ध्या तासानं तपमान बघायचं असतं ना." "म्हणजे अर्धा तास नुसते आकडे म्हणत बसतो?" "हो." त्यांनी विचारलं, की नुसतं घड्याळ चालवणारी, अगदी कमी वीज खाणारी चिप मिळते का. मिळत होती. "मग तिला जागं ठेव. याला झोपू दे. अर्धा तास झाला की तिनं हाक मारायची, यानं उठायचं, बघायचं आणि परत झोपायचं. आणि बघण्याचं काम मी एवढं आखूड करते, की डोळा उघडला न उघडला तोवर संपेल." मी सर्किट बदललं, त्यांनी ती ओळन् ओळ आखूड केली. काटा खाली आला तो इतका, की मला मीटर बिघडल्यासारखं वाटलं आणि मी दुसरं मीटर आणून पाहिलं. दोन्ही मीटरांचं एकमत होतं.

नोंदी ठेवायच्या जागेचंही तसंच. तीन महिने, दर अर्ध्या तासाला एक नोंद, एवढं मावणं शक्यच नव्हतं. बाई म्हणाल्या, "सगळं बरं चाललंय ते कशाला लिहायचं? बिघडेल तेव्हाच लिहायचं. कधी बिघडलं आणि किती वेळ, एवढंच." फक्त एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. दिवसातून एकदा यंत्रानं एक खूण करायचीच, मी चालू आहे म्हणून. मी म्हटलं, बाई, घरासाठी मारामारी चाललीय आणि तुम्ही हे काय वाढवता? त्या म्हणाल्या, "गप्प बसलेलं माणूस बरं आहे की गेलंय, ते कळायला नको?"

एका शनिवारी फळ्यावर आकडा आला दोन हजार सदतीस. अकरा घरं शिल्लक! साहेबांनी पेढे आणले. मी यंत्र बर्फात ठेवून चाचणी घेतली. पहिले काही तास सगळं ठीक होतं. मग बर्फाला मीठ लावून आणखी गार केलं आणि बटण दाबलं, तर यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोनशे पंचावन्न. बर्फात दोनशे पंचावन्न अंश! मला वाटलं माझीच जोडणी चुकली. बाईंनी आकडा पाहिला आणि गठ्ठ्यातली एक ओळ शोधून काढली. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझं नाही चुकलं. माझं चुकलं. मी शून्याखालचे आकडे काढून टाकले. म्हटलं, आपल्या रायगडात कुठलं आलंय शून्याखाली. शून्याच्या खाली एक अंश गेला की हा उलटा फिरून वरच्या टोकाला, दोनशे पंचावन्नला जातो." त्यांचा चेहरा उतरला होता. पेढ्याचा पुडा टेबलावर तसाच पडून होता. "बर्फाला चिकटलेली बाटली गोठली असती तर यानं तापली म्हणून सांगितलं असतं. आणि ते त्या बाईच्या माथी गेलं असतं." त्या घरी गेल्या नाहीत, तिथंच खुर्ची ओढून बसल्या. तासाभरात तोडगा निघाला. प्रत्येक तपमानात वीस मिळवून साठवायचं आणि दाखवताना वीस वजा करायचे. त्याला चार घरं लागली. फळ्यावर सात शिल्लक राहिली. बाईंनी पेढा खाल्ला तो सोमवारी, मिठातली चाचणी पुन्हा पार पडल्यावर.

यंत्र पहिल्यांदा डोंगरात निघालं त्या दिवशी बाई म्हणाल्या, मीपण येणार. पार्वतीताई म्हणाल्या, "बाई, तुमी कशाला येताय? वाट लय खडी हाय. पाय मोडून घ्याल." बाई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या. त्यांनी साडीचा पदर खोचला आणि निघाल्या. मी मागे पाण्याची बाटली घेऊन. दोन ठिकाणी त्या बसल्या, एका ठिकाणी घसरल्या, कोपर सोलवटलं. पेटी मात्र त्यांनी एकदाही ताईंच्या हातून घेतली नाही. "मी उचलली तर चाचणी खोटी होईल," म्हणाल्या. वाडीत पोचलो तेव्हा कुणी पुढं आलं नाही. ताई एका घराच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आतून बाईमाणसाचा रडका, रागाचा आवाज आला. ते घर त्या गेलेल्या मुलीचं होतं. ताई हात जोडून उभ्याच राहिल्या... खाली आल्यावर बाई मला म्हणाल्या, "दत्ता, यंत्र खरं बोललं पाहिजे. मग ते हिच्या बाजूनं असो की विरुद्ध."

तीन महिने यंत्र लशीच्या बाटल्यांबरोबर फिरलं. बाटल्या साठवणीत आल्या की तिथल्या फ्रीजमध्ये तेही असायचं, पेटीत भरल्या की पेटीत. सेल टिकले. बाईंनी नोंदी एकेक करून पडद्यावरून उतरवल्या आणि आलेखाच्या कागदावर मांडल्या. पार्वतीताई डोंगरात चालल्या त्या दिवसांची एकही तापल्याची नोंद नव्हती. एकही! तापल्याच्या सगळ्या नोंदी आठवड्याच्या एकाच वाराला, दुपारी, मधल्या साठवणीच्या ठिकाणी. त्या वारी तिकडची वीज बंद असायची. फ्रीज चार-पाच तास गप्प पडून राहायचा, लस बर्फात हलवणं कुणाचंच काम नव्हतं, आणि संध्याकाळी वीज आली की फ्रीज परत गार व्हायचा. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळायचं नाही. ताईंच्या पेटीत बाटल्या पडायच्या त्या आधीच वाया गेलेल्या.

हे सांगायला आम्ही गेलो त्या बैठकीत चार खुर्च्या आमच्यासाठी होत्या आणि समोर सात-आठ अधिकारी. एकानं आलेख पाहिला आणि म्हणाला, "डोंगरात नोंद नाही म्हणजे लस गार होती असं कसं म्हणता? यंत्र बंद पडलं असेल." बाईंनी दुसरा कागद पुढं सरकवला. रोजची एक खूण, सगळ्या दिवसांची, एकही दिवस न चुकता. मी बाईंकडे बघितलंच नाही, मला माझीच लाज वाटली. तो अधिकारी म्हणाला, "मग आकडे चुकत असतील. हे काय, शेडमध्ये बनवलेलं यंत्र." बाई म्हणाल्या, "एक पेला बर्फ मागवता का?" शिपायानं फोडलेला बर्फ आणला. बाईंनी यंत्र त्यात खुपसलं. सगळे बघत बसले. आकडा उतरत उतरत शून्यावर येऊन थांबला. मग त्यांनी ते पुसलं आणि त्या अधिकाऱ्यासमोर धरलं. "आता तुमच्या काखेत धरा साहेब." खोलीत कुणीतरी हसलं. त्यानं धरलं, काय करतो! छत्तीस. "तुम्ही ठणठणीत आहात," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी तेवढ्यात पार्वतीताईंवरचा कागद मागे घेण्याचा विषय काढला. तो त्याच बैठकीत मागे घेतला गेला आणि वीज नसलेल्या वारी लस बर्फात हलवायचं काम एका माणसाच्या नावावर लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर पार्वतीताई बाईंच्या पाया पडायला वाकल्या. बाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "माझ्या नको गं. तू गोणपाट भिजवत होतीस म्हणून आकडे असे आले. नाहीतर मी काय दाखवणार होते?"

पुढच्या फेरीला ताई त्याच वाडीत गेल्या. यंत्र त्यांनी ओट्यावर ठेवलं, लोकांना बटण दाबून आकडा दाखवला आणि कुणाची चूक होती, कुणाची नव्हती ते सांगितलं. पहिलं मूल पुढं केलं ते त्या गेलेल्या मुलीच्या आईनं, आपलं धाकटं. हे ताईंनी वर्कशॉपमध्ये येऊन सांगितलं तेव्हा बाई उठून मागच्या दारापाशी गेल्या आणि बाहेर भाताच्या खाचरांकडे बघत उभ्या राहिल्या.

त्यानंतर आम्ही अशी पुष्कळ यंत्रं बनवली. कुठं कुठं गेली, मलाही सगळं माहीत नाही. बाईंचं टाइपिंग सुटलं. आमचा प्रत्येक प्रोग्रॅम बाहेर पडण्याआधी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जाऊ लागला. मुंबई-पुण्याची शिकलेली मुलं त्यांच्याशेजारी बसून शिकून गेली. मोठ्या चिपा स्वस्त झाल्या तेव्हा त्यातला एक म्हणाला, "बाई, आता घरं भरपूर आहेत, कशाला एवढं खोडायचं?" बाई म्हणाल्या, "घरं भरपूर असतील. सेल तेवढाच आहे, आणि डोंगरही तेवढाच आहे." मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की मी उगाचच उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी स्वतः त्यांच्याकडूनच ते आकडे वाचायला शिकलो. डाग देणारा हात होता माझा, त्याला त्यांनी डोळे दिले.

दुखणं आल्यावर त्यांनी काम सोडलं. शेजारची मुलं गणित घेऊन यायची, त्यांना शिकवायच्या. मी जायचो अधूनमधून, पण हवं तितकं गेलो नाही, हे खरं.

माती झाल्यावर पंधरा दिवसांनी रशीदभाईंनी मला भिसेगावला बोलावलं. बाईंच्या खोलीत खिडकीशी टेबल, वर काच, काचेखाली काहीच नाही. कपाटातून त्यांनी एक जाड वही काढून दिली. "आपानं सांगून ठेवलं होतं, ही दत्ताला द्या." त्या लशीच्या यंत्राचा अख्खा प्रोग्रॅम बाईंनी तिच्यात हातानं उतरवला होता. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर मराठीत प्रत्येक ओळीचा खुलासा. हे इथं का आहे, हे कुठून काढलं, हे काढू नये, कुणी काढलंच तर काय बिघडेल. अक्षर सुरुवातीला ठसठशीत, पुढं पुढं हललेलं. शेवटच्या पानावर फक्त तीन ओळी होत्या. "तक्ता वाचायच्या भागात अजून एक-दोन घरं वाचतील असं मला सारखं वाटतं. मला जमलं नाही. कुणाला जमलं तर कळवावं."

गेले चार रविवार मी ती वही घेऊन बसतोय. घरच्यांना वाटतं मी दुःखात आहे. दुःख आहेच, पण त्या पानापाशी बसलं की बाई शेजारी पेन्सिल घेऊन बसल्यासारख्या वाटतात आणि वेळ छान जातो. परवा जमलं. कागदावर तीन वेळा तपासलं, मग यंत्रात घालून बर्फात, मिठात, काखेत, सगळीकडे पाहिलं. बरोबर चालतंय.

बाई, कळवायचं होतं. तीन घरं वाचली.